लाल गाडीची चाकं कुणी धरली?

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीसुद्धा म्हणालो असतो, म्हातारा फेकतोय. पण एका फौजदारबाईनं ग्लासभर पाण्यात खरा गुन्हेगार पकडला.

गाडी लाल, दोन दारांची, शर्यतीच्या घाटणीची, चाळीस वर्षं जुनी. ब्रेकचं काम करून गॅरेजमधून गेली आणि चौथ्या दिवशी उतारावरच्या वळणावर चारही चाकं आपोआप जाम झाली. गाडी भिंतीवर. मालक जागच्या जागी गेला.

चाकांच्या ब्रेकचं काम केलं होतं गॅरेजवाल्या वस्तादाच्या मेव्हण्यानं. त्याला त्याच दुपारी कोठडीत घातलं. माणूस इतका सरळ, की पहाऱ्यावरच्या शिपायालाच विचारत होता, "माझं काय चुकलं असेल हो?"

फौजदारबाई गॅरेजात आली. मोडकी गाडी जॅकवर चढवलेली. चाकं तसूभर हलेनात.

"वस्ताद, बिघाड चाकापाशी आहे?"

"मेव्हण्यानं हात लावलाय म्हटल्यावर तिथंच असणार."

"मग वर, ब्रेकच्या मुख्य पंपाची नळी सैल करा."

वस्तादानं पाना फिरवला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चारही चाकं मोकळी झाली.

"म्हणजे दाब वरच अडकला होता. ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढा."

झाकणाखालचं रबर कानाच्या पाळीसारखं फुगलेलं. एवढं तेल उडूनही टाकी अजून खुणेच्या वरच होती.

"मेव्हणा किती भरतो?"

"खुणेपर्यंत. वर थेंब नाही."

"मग काठोकाठ कोण भरतं?"

वस्ताद पाना पुसू लागला. पत्रे ठोकणारा मात्र कौतुकानं म्हणाला, "वस्तादांचा शेवटचा हात लागल्याशिवाय आमची गाडी बाहेर पडत नाही, बाई. सगळं काठोकाठ. कुणी आम्हाला चिक्कू म्हणायला नको."

बाईनं ग्लासभर पाण्यात टाकीतलं चमचाभर तेल सोडलं. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळून जातं. हे पिवळ्या सायीसारखं वर तरंगत राहिलं. मग तिनं फळीवरचे दोन डबे उतरवले.

"यातलं ब्रेकचं कुठलं? वाचून सांगा."

वस्तादानं डबे लांब धरले, जवळ धरले, उजेडाकडे धरले.

"दिसत नाही, हे घरात कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग ऐका. तुम्ही ब्रेकच्या टाकीत इंजिनचं तेल ओतलंत. त्यानं रबर फुगलं आणि तेलाची परतीची वाट बुजली. मालकानं पाय उचलला तरी ब्रेक धरूनच राहिला, आणि तापेल तसा आवळत गेला. मेव्हण्याचं काम चोख होतं. चष्म्याची लाज तुमची."

वस्तादानं दोन्ही हात पुढे केले. "हात माझाच होता, बाई. त्याला सोडा."

मेव्हणा संध्याकाळी घरी आला, बहिणीच्या हातचं पोटभर जेवला, आणि...

"कधी जेवला?"

उंबऱ्यात माझी बायको उभी होती.

"फौजदारबाई कुठली आली होती? विचारायला कुत्रंही फिरकलं नाही. कोर्टात तुम्ही म्हणालात, काम त्याचं. माझा भाऊ तुरुंगातून घरी आला तो चौघांच्या खांद्यावर."