मामीला साथ कोणी दिली?

हे मी रंगवून सांगत नाहीये. मी स्वतः तिथे होतो, माझे कान शाबूत आहेत आणि कोणाची करमणूक करायची मला हौस नाही.

मी शवागारात काम करतो. ट्रॉली ढकलायची, कप्पे उघडायचे, नातेवाइकांना पाणी द्यायचं. भुताखेतांना घाबरणारा असतो, तर पहिल्याच आठवड्यात पळ काढला असता.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता. भर दुपार, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. मृताला न्यायला कोणीच आलं नाही आणि त्याचा धर्मही कळला नाही, तर शेवटच्या विधीआधी तिघं येतात. दर्ग्यात गाणारे चाचा, चर्चच्या गायकांना शिकवणारे मास्तर आणि भजनं म्हणणारी माझी मामी. तिघं आळीपाळीने आपापली प्रार्थना गातात. एक गात असताना बाकीचे दोघं तोंड उघडत नाहीत. तिघांतली एक तरी प्रार्थना त्या माणसाची असेल, एवढीच आशा.

मामी यायची त्याला कारण होतं. तिची बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणायचे. धाकटीने चाचांच्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं, घरच्यांनी तिचं नाव टाकलं आणि पुढे ती कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. मामीने शोध शोध शोधलं.

"ती अशीच कुठेतरी पडली असेल तर?" मामी म्हणायची. "तिच्यासाठी कोणीतरी म्हणायला हवं ना रे? म्हणून मी दुसऱ्यांसाठी म्हणते."

त्या मंगळवारी नदीतून काढलेली एक बाई होती. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. वय धाकटीच्या आसपासचं. मामीने चादरीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. प्रत्येक वेळी तेच येतं.

कूलिंगच्या मशीनची घरघर गाण्यात येते, म्हणून तेवढ्यापुरती मी ती बंद करतो. केली.

चाचा गायले. मग मास्तर गायले.

"मास्तर, आज सूर सापडला वाटतं," चाचा हळूच म्हणाले.

"तुमच्या खोकल्यातून वाट काढत आला बिचारा," मास्तर म्हणाले.

मग मामीने सुरू केलं.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली.

आणि तिसरीला... कोणीतरी साथ द्यायला लागलं.

बाईचा आवाज. अगदी हळू.

मला वाटलं, मास्तर मस्करी करतायत. मी वळून पाहिलं. मास्तर माझ्याकडेच बघत होते, ओठ घट्ट मिटलेले. चाचांचा हात दाढीवर तसाच थांबला होता.

मामी डोळे मिटून गातच होती. तिसऱ्या ओळीत चाल वर चढते. मामी चढली.

तो आवाज... खाली उतरला.

मामी थांबली.

आवाज थांबला नाही. ती ओळ त्याने एकट्याने पूर्ण केली.

मामी पांढरीफटक पडली होती. "ती इथेच चुकते," ती म्हणाली. "लहानपणापासून. आईने किती वेळा सांगितलं, तरी खालीच जायची. अरे, ही आपली धाकटी आहे!"



"चाचा," मामी म्हणाली, "तुमची पुन्हा म्हणा. माझ्यासाठी म्हणा."

चाचांना धड सूर लागेना. तरी त्यांनी सुरुवात केली.

आणि... साथ आली.

या वेळी कुठेच चूक नव्हती. वर्षानुवर्षं रोज म्हटल्यासारखी शब्दन् शब्द पाठ. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते थांबले नाहीत.

आवाज ट्रॉलीकडून येत होता की भिंतीकडून, देवाशपथ सांगता येणार नाही. चादर हलत नव्हती. तेवढं मात्र मी नीट पाहिलं.

मामी तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेली. "ती माझी बहीण आहे. तिला चाचांच्या पद्धतीने दफन करा."

"बाई, पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

मामी काय सांगणार? गाताना चुकली म्हणून ओळखलं? पण तिची अवस्था बघून साहेब एक दिवस थांबायला तयार झाले.

थांबले ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचा मुलगा आला. गुडघ्यात घातलेल्या रॉडवरून आणि डॉक्टरांच्या कागदांवरून ओळख पटली. शंकेला जागाच नव्हती. ती धाकटी नव्हती.

मामी त्या मुलाजवळ जाऊन बसली. "बाळा, तुझ्या आईला गाण्याची आवड होती का रे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मावशी, आई जन्मापासून मुकी होती. तिला ऐकूही यायचं नाही."



मामीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे माझी धाकटी गेली. आणि तिच्यासाठी कोणी म्हटलंच नाही. म्हणून बिचारी दुसरीच्या प्रार्थनेत येऊन उभी राहिली."

मला तिच्याकडे बघवेना.

त्याच संध्याकाळी मामीने हट्टच धरला. मला रिकामी ट्रॉली आणायला लावली, तिच्यावर धुतलेली चादर घातली. "तिला जागा नको का?" म्हणाली.

तिघं उभे राहिले. त्या दिवशी कोणीच गप्प बसलं नाही. चाचांची प्रार्थना मामीने म्हटली. मामीचं भजन चाचांनी म्हटलं, अडखळत, पण म्हटलं. मास्तरांनी दोघांना सूर दिला आणि मग स्वतःची प्रार्थना दोघांकडून म्हणवून घेतली.

आम्ही कान देऊन ऐकत होतो...

साथ आली नाही.

"पोचली," मामी म्हणाली. चाचांनी आणि मास्तरांनी एकदमच "आमेन" म्हटलं, आपापल्या पद्धतीने. मामी त्या दोघांचे हात धरून बाहेर गेली. इतकी मोकळी मी तिला कधीच पाहिली नव्हती.

मी चादर काढून घडी केली आणि ट्रॉली परत न्यायला लागलो.

रिकामी ट्रॉली मी एका हाताने ढकलतो. रोजचं काम आहे माझं.

ती... हलेना.

ब्रेक पाहिला. सुटलेला होता. चाकं पाहिली. काहीच अडकलं नव्हतं. दोन्ही हात लावले, अंगाचा जोर लावला, तेव्हा कुठे ती निघाली. वर माणूस असल्यावर जशी निघते, अगदी तशी.

बाहेर मामी मास्तरांशी बोलत होती. तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मामी अजूनही म्हणते, "धाकटी पोचली रे." मी मान डोलावतो.

ती ट्रॉली मी कोपऱ्यात लावून ठेवली आहे. तिच्यावर अजून दुसऱ्या कोणालाही ठेवलेलं नाही.