आतल्या खोलीचं माप

परक्या देशात शिकायला येऊन वर्ष झालं, तेव्हा मी ठरवलं, भाडं भरण्यापेक्षा दोन खोल्यांचं जुनं घर घ्यायचं. बाहेरच्या खोलीत आपण राहायचं, आतली भाड्याने द्यायची, त्यातून हप्ते भागतील. पण परदेशी विद्यार्थिनीला कुठली बँक दारात उभं करते? एक कशीबशी तयार झाली, तीही आपला माणूस खोल्या मोजून अहवाल देईल या अटीवर. इसाराचे पैसे दादाने स्वतःचा प्लॉट विकून पाठवले होते. कर्ज नाकारलं असतं तर ते बुडालेच असते.

ठरल्या दिवशी दुपारी बँकेचे मोजणीवाले आले. बाहेरची खोली त्यांनी लेझरच्या यंत्राने चुटकीसरशी मोजली. आतली जेमतेम पलंग मावेल एवढी, बिनखिडकीची. त्यांनी यंत्र भिंतीला टेकवलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटलाच नाही.

"बॅटरी गेली वाटतं," म्हणत त्यांनी टेप काढली आणि टोक माझ्या हातात दिलं. चार पावलांत मी समोर पोचले, टोक गिलाव्यावर अंगठ्याने दाबून धरलं.

टेप सुटतच राहिली. ते तिथेच उभे, मी इथेच. आमच्यामधली पट्टी ताठ होती, आणि त्यांच्या हातातली चकती फिरत होती.

दारातून घर विकून देणारा एजंट ओरडला, "अहो साहेब, महाल मोजताय का?"

कुणी हसलं नाही.

"ताई, सोडू नका हं," मोजणीवाले कुजबुजले. त्यांनी बूट कधी काढले, मला कळलंच नाही. सकाळचा जप झालेला होता, तरी माझ्या ओठांवर नाम आपोआप आलं. भीती नव्हती. अंधारात मोठ्या पाण्याच्या काठाशी उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

टेप संपली.

अहवालात त्यांनी नकाशातलं माप लिहिलं. कर्ज झालं.

भाडेकरू म्हणून एक मुलगी आली. तिला मी सगळं खरं सांगितलं.

ती हसली. "एवढ्याशा भाड्यात एवढी मोठी खोली? बरंच की, ताई!"

हप्ते वेळेवर जातात. घरातल्या माणसाला हाक मारल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा माझा नेम. रोज संध्याकाळी मी तिच्या दारात उभी राहते. हात लांबवला तर खांद्याला लागेल, इतक्या जवळ ती पलंगावर बसलेली असते.

"जेवायला येतेस ना गं?"

ती गोड हसते, ओठ हलवते.

"आले हं, ताई," हा आवाज मागाहून येतो.

काल तो आवाज आला, तोवर ताटातलं अन्न निवलं होतं.