सैल पडलेला दोर

ग्रीनलंडमधल्या इलुलिस्साटच्या हेलिपॅडवर तो माझ्या दोराच्या वेटोळ्यावर खुशाल बसून कॉफी पीत होता. बर्फातल्या भेगांच्या मुलखात सात उन्हाळे वाट दाखवलेल्या बाईच्या दोरावर!

"ऊठ. त्या दोरावर माझा जीव असतो," मी म्हणाले.

"मग उद्यापासून माझाही," तो हसत उठला. "मी आक्कालुक. तुमच्या तुकडीतला नवा रडारवाला."

हसला की त्याचे डोळे पार मिटायचे... ते मला आवडलं, म्हणून मी आणखीच चिडले.

बर्फावर मी पुढे, लांब काठीने पायाखालचं टोचून बघत. तो बारा मीटर मागे, रडारची घसरगाडी ओढत, नंतर येणाऱ्या गाड्यांसाठी खालच्या पोकळ्या टिपत. मधला दोर ताणलेलाच हवा, कारण जितकी ढील तितकं माणूस भेगेत जास्त खोल जातं. पण आक्कालुकला बोलायची भारी हौस. आईच्या हातचं सीलचं सूप, नूक शहरातली त्याची इवलीशी खोली, माझी वेणी... आणि बोलता बोलता दोर सैल. त्याबद्दल त्याला एकदा ताकीद मिळाली होती. पुन्हा तसं झालं तर पुढच्या हेलिकॉप्टरने परत, असा आमच्याकडे नियमच आहे.

तिसऱ्या दिवशी त्याने मागून विचारलं, "निवी, तुझं कुणी आहे का गं?"

उत्तर द्यायच्या आतच बर्फ खचला. मी खाली... सगळीकडे निळंशार. मग कमरेला जोराचा हिसका बसला. त्याने बर्फात कुऱ्हाड रोवून मला पेललं होतं. मी वर आले तेव्हा त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"ढील माझी होती," एवढंच तो म्हणाला, आणि तळावर येताच सामान बांधायला लागला. मला रडूच यायला लागलं.

संध्याकाळी सगळ्या तळांची हजेरी एकाच वायरलेसवर होते. तीसेक माणसं ऐकत असतात. आमच्या प्रमुख बोलेत्तेबाईंनी चूक कोणाची म्हणून विचारलं. आक्कालुक पुढे सरकला, पण यंत्र मी आधी उचललं.

"माझी. तो त्याच्या ठरल्या चालीनेच येत होता. त्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मीच पावलं आखडली... पहिल्या वेळीही. त्याला परत पाठवू नका — मला तो हवाय."

 कुठल्याशा तळावर कुणीतरी शिट्टी वाजवली. आक्कालुक अर्धवट घडी घातलेला स्वेटर हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

 मग बोलेत्तेबाई म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही दोघं वेगवेगळ्या दोरांवर. तंबू एक की दोन, ते तुमचं तुम्ही बघा."