घड्याळवाल्यांच्या दारासमोरचा तुकडा

गॅरेजवाले काका ही गोष्ट दिवसा सांगत नाहीत. दिवसा सांगितली की पोरं हसतात, आणि पोरं हसली की काका दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. त्या रात्री डोंगरावरची वीज गेली होती. कॉलनीतली चार-पाच पोरं गॅरेजच्या पायरीवर येऊन बसली होती आणि त्यातल्या एकाने नेमकं विचारलं, "काका, भुतं असतात का हो?"

"भुतांचं मला काय ठाऊक? मला गाड्यांचं ठाऊक," काका म्हणाले. "एका गाडीचं सांगतो. आपल्या जुन्या खजिनदारांच्या." आणि हात पुसत पुसत सांगू लागले.

सुरुवात अगदी साधी आहे. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. खजिनदार संध्याकाळी गाडी घेऊन खाली शहरात गेले, डांबरवाल्या ठेकेदाराकडून दर आणायला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीची सभा होती. हा आपला रस्ता सरकारचा नाही, एवढं तुम्हाला माहीत आहे. हमरस्त्यापासून शेवटच्या बंगल्यापर्यंत आपणच बांधला, खचला तर आपणच वर्गणी काढून नीट करायचा. आणि वर्गणी म्हटली की रस्ता सगळ्यांना हवा असतो, पैसे मात्र शेजाऱ्याने द्यायचे असतात. ही डोकेदुखी खजिनदारांनी कितीतरी वर्षं सांभाळली. विमा कचेरीत जन्म काढलेला माणूस, नियम म्हणजे नियम.

मागे नवं डांबर पडलं तेव्हा एकाच घराने पैसे दिले नव्हते. चौथ्या वळणावरचे घड्याळवाले. घड्याळं दुरुस्त करून थकलेले, एकटे राहणारे गृहस्थ. गाडी नाही, स्कूटर नाही. म्हणाले, "मी पायी जातो. माझ्या चपलांनी तुमचा रस्ता झिजतो का?" खजिनदार म्हणाले, ठीक आहे. ज्याचा वाटा नाही, त्याच्या दारासमोर डांबर नाही.

आणि खरंच तसं केलं. वर गुळगुळीत, खाली गुळगुळीत, मध्ये दोन गाड्यांच्या लांबीचा तुकडा तसाच सोडला. पुढच्या पावसात तिथे हा एवढा खड्डा पडला. घड्याळवाले आपले कडेकडेने चालत जायचे, आपटायच्या त्या बाकीच्यांच्या गाड्या. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो हा. माझी काही तक्रार नव्हती म्हणा, शॉकअब्सॉर्बर बदलून घ्यायला दारात रांग लागायची.

मग खजिनदारांच्या बायकोला हाडांचा आजार झाला. पाठीचा कणा आतून पोखरला गेला होता. दर आठवड्याला खाली हॉस्पिटलात न्यावं लागे. वहिनी मागच्या सीटवर उशा लावून बसायच्या. चौथं वळण जवळ आलं की मागून हळूच विचारायच्या, "आलं का?" खजिनदार म्हणायचे, "आलं. धर घट्ट." गाडी खड्ड्यात उतरायची, चढायची. वहिनी विव्हळायच्या. मग खजिनदार म्हणायचे, "गेलं." तेव्हा कुठे त्या श्वास सोडायच्या. जाताना एकदा, येताना एकदा. त्या वर्षात नवरा-बायकोचं जे काही बोलणं झालं, त्यातलं निम्मं एवढंच असेल.

एकदा वहिनी म्हणाल्या, "अहो, आपल्याच पैशाने भरून टाका ना तेवढा."

"मग उद्या वर्गणी कोण देईल?" खजिनदार म्हणाले.

वहिनींनी पुन्हा विषय काढला नाही. सभेत दुसऱ्या कुणीतरी काढला, की वहिनींसाठी तरी तो तुकडा भरून घेऊ या. खजिनदार उभे राहिले आणि म्हणाले, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो." म्हण आहे, बोलून गेले. वहिनी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या हसल्या, म्हणून मग सगळे हसले.

नोव्हेंबरात वहिनी गेल्या.

खजिनदार रडले नाहीत. आतून सगळं बधिर झालं होतं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. ताट पुढे आलं की जेवायचे. दाढी करताना कापलं, तर शर्टावर डाग दिसेपर्यंत पत्ता नसायचा. दुःख होत नाही, याचंही दुःख होत नव्हतं. लोक म्हणायचे, दगड आहे झालं. कमिटीची मात्र सोय झाली, कारण थकबाकीदाराच्या दारात उभं करायला असा माणूस शोधून सापडत नाही.

तर त्या शनिवारी ठेकेदाराने दर सांगितला आणि विचारलं, "साहेब, तो मधला तुकडा या वेळी धरू ना? आता तरी?"

खजिनदार म्हणाले, "नको."

म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं की 'नको' म्हणताना आपल्याला काहीच वाटलं नाही. मग ते निघाले.

पावणेबाराला गाडी हमरस्ता सोडून चढणीला लागली. चंद्र नव्हता. धुकं होतं, पण रस्त्याची कड दिसत होती. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. डोक्यात उद्याची सभा. तिसरंही गेलं.

"आलं का?"

मागून. नेहमीसारखं, हळू.

आणि सवय बघा माणसाची. खजिनदार म्हणाले, "आलं. धर घट्ट."

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं.

ब्रेक मारला नाही. आरशात पाहिलं नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि धक्क्याची वाट पाहू लागले. घड्याळवाल्यांचं फाटक आलं. फाटक मागे पडलं. धक्का... बसलाच नाही. गाडी आपली सरळ चाललेली. पाचवं वळण.

"आलं का?"

तोंड उघडेना. आलं म्हणावं, तर वळण मागे पडलेलं. गेलं म्हणावं, तर...

सहावं वळण.

"अहो... आलं का?"

घर आलं. इंजिन बंद केलं. काळोख. मागे कुणी काही बोललं नाही. पण श्वास सोडल्याचा आवाजही आला नाही. खजिनदार बसून राहिले. तो आवाज यायची वाट पाहत. किती वेळ, त्यांनाही सांगता येत नाही.

मग दार उघडून उतरले. मागे वळून न पाहता टॉर्च घेऊन पायी खाली गेले. चौथ्या वळणावर तुकडा होता तसाच होता. खड्डाही होता, गळक्या पाइपाचं पाणी साचलेला. आणि चिखलात टायरचे ठसे. ओले. एका बाजूने उतरलेले, दुसऱ्या बाजूने चढलेले.

फाटकाशी घड्याळवाले उभे होते, अंगावर शाल घेऊन. "कोण ते?"

"मी. खजिनदार."

"इतक्या रात्री वर्गणी मागायला आलात?"

"नाही. आत्ता गाडी गेली, तिचा आवाज आला का तुम्हाला?"

"आला म्हणजे? केवढ्यांदा आपटली. त्यानेच तर जागा झालो." घड्याळवाले थोडे थांबले. "गाडीत कुणी आजारी होतं का हो? बाईमाणूस कुणी?"

खजिनदारांनी टॉर्चचा झोत पुन्हा त्या ठशांवर नेला.

"विव्हळल्याचं ऐकू आलं... म्हणून विचारलं."

गाडी खड्ड्यातून गेली होती, पोरांनो. मागे बसलेलीला कळलं होतं. यांनाच कळलं नव्हतं.

खजिनदार तिथेच, खड्ड्याच्या काठावर बसले. घड्याळवाल्यांनी दोनदा आत बोलावलं, पाणी आणून दिलं, शेवटी स्वतःही शेजारी बसले. उजाडल्यावर खजिनदारांनी ठेकेदाराला फोन केला. तो तुकडा आजच्या आज भर, पैसे माझे. सभेत तसंच सांगितलं आणि राजीनामा दिला. मग व्हायचं ते झालं. एकासाठी नियम मोडतो तर आम्हीच काय पाप केलं, असं म्हणत निम्म्या घरांनी हात आखडला. खालचा उतार आजही फुटका आहे, तुम्ही रोज बघता. म्हणजे खजिनदारांचं म्हणणं खोटं नव्हतं. वहिनींचंही नव्हतं.

"आणि गाडी?" एका पोराने विचारलं.

काकांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

गाडी चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. मागच्या दारावर, आतून, धरायचं हँडल असतं ना, सोडलं की आपोआप वर जाऊन बसतं ते? ते खाली ओढलेलं होतं. वर जाईना. मी म्हटलं, स्प्रिंग गेली असणार. काढलं आणि टेबलावर ठेवलं, तर टक्कन मिटलं. स्प्रिंग चांगली. परत बसवलं, गाडीत... आणि माझ्या डोळ्यांदेखत ते हळूहळू खाली आलं. नवं बसवलं. तेही आलं. मी म्हटलं, साहेब, विकून टाका ही गाडी. ते म्हणाले, "आत्ता कशी विकू?"

गेल्याच आठवड्यात सर्व्हिसिंगला आणली होती. चौथ्या वळणावर आता असं डांबर आहे, की खड्डा कुठे सुरू व्हायचा आणि कुठे संपायचा, ते त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. तरी रोज तिथे गाडी हळू करतात. अंदाजाने थोडं पुढे जातात आणि मोठ्याने म्हणतात, "गेलं." मग थांबून मागे बघतात.

हँडल खालीच असतं.