सुभेदारांच्या घरचं वायरिंग

"आवं, बटणाला हात लावू नका!"

शाळेत शिकवून घरी आलेली विजयमाला दारातच थबकली. शिडीवर एक अनोळखी तरुण. कानावर पेन्सिल, केसांत चुन्याची भुकटी.

"घर माझं आहे," ती म्हणाली.

"आसंल की. पर करंट तुमास्नी वळखतो व्हय?"

तिला हसू आलं... आणि हसू आल्याचा रागही.

चौऱ्याहत्तर साल. तासगावातलं ते घर दुरुस्तीला काढलं होतं. कौलं बदलली, गिलावा झाला. कुपवाडचा वायरमन कृष्णात नुसता पंखा बसवायला आला होता. पण त्यानं भिंतीवरची लाकडी पट्टी उघडली आणि पंखा खालीच ठेवला.

"सगळं वायरिंग बदलाय पायजे, सुभेदार. ह्या तारंवर मी पंखा जोडणार न्हाई."

विजयमालेचे वडील, सुभेदार नानासो, ताडकन उठले. वीस वर्षांपूर्वी पलटणीतून सुट्टीवर आल्यावर ते वायरिंग त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. एकेक खिळा हातात द्यायला विजयमालेची आई उभी होती. ती आता नव्हती.

"दुसरा माणूस बघतो मी. नीघ तू!"

कृष्णात हत्यारं गोळा करू लागला. वडिलांपुढं कधी न बोलणारी विजयमाला मध्ये आली. "आप्पा, एकदा बघा तरी. माझ्यासाठी."

कृष्णातनं तिच्या खाटेच्या वर भिंतीवर असलेली पट्टी अलगद उचकटली. आतलं लाकूड कोळशासारखं काळं पडलं होतं. तारेवरचं रबर बोटांत चुरलं.

"हात लय नेटका तुमचा," तो हळूच म्हणाला. "एक खिळा वाकडा न्हाई. पर रबर म्हातारं झालं."

सुभेदार त्या काळ्या डागाकडं बघत राहिले, मग लेकीकडं. "काढ सगळं," ते पुटपुटले आणि त्यांनी कृष्णातचा चुन्यानं माखलेला हात दोन्ही हातांत धरला.

काम आठ दिवस चाललं. शाळा सुटली की विजयमाला शिडी धरायला हजर.

"शिडी हलतीया, बाई."

"मी तर घट्ट धरलीय!"

"मग मीच हलतूय म्हणायचं..."

ती मान खाली घालून हसायची. वर खिळा ठोकायचा राहून जायचा.

शेवटच्या दिवशी त्यानं पिशवी सायकलला अडकवली. ती अंगणापर्यंत आली.

"त्या दिवशी तुम्ही गप्प पंखा जोडून गेला असता तर... कसे उपकार फेडू?"

"उपकार नगा म्हणू." तो पायडलशी चाळा करत राहिला. "येक इचारू? रविवारी आईला घिऊन आलो तर... चालंल?"

"वायरिंग बघायला?"

"न्हाई — तुमास्नी."

तिचे कान तापले. पदर बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "सकाळच्या गाडीनं आणा. उन्हाचा त्रास नको त्यांना."

कृष्णात मान हलवून निघाला. सायकलीवर बसायचंच विसरला. हातात धरून, चालतच, वळणापर्यंत गेला.