येसूबाईची दहा बोटं

येसूबाईच्या दोन्ही हातांची बोटं वाकडी होती. ती कशी मोडली, ते तिच्या पाम गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. घडलं तेवढंच सांगतील. कुणी तिखटमीठ लावणार नाही.

१९८३ सालचा मे महिना. जवळच्या सालवडची एक चाळ. आणि भर दुपार.

येसूबाई सुईण होती. तीस वर्षं बाळंतपणं केलेली. पण तीन आठवड्यांपूर्वी तिच्या हातून एक पोर गेली होती.

भागीची लेक सोमी. चौदा वर्षांची.

कंबर अजून भरली नव्हती, आणि दोन दिवस कळा देत होती. तोंड सुजलं, पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली.

"बोईसरच्या दवाखान्यात नेऊ का हिला?" भागीनं विचारलं होतं.

"कशाला? मी हाय ना," येसूबाई म्हणाली. आणि सोमीच्या पोटावर दोन्ही हातांनी भार दिला.

सोमीला झटके आले. दातांखाली जीभ तुटली. मूल ओंजळीएवढं, निळं. ते रडलंच नाही. मग रक्त सुरू झालं... थांबेचना. संध्याकाळपर्यंत सोमी गेली.

आता सालवडच्या जमुनाची सून तानी अडली होती. तानी पंधराची. नवरा पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेला. जमुना स्वतः येऊन येसूबाईला घेऊन गेली.

खोलीचा पत्रा तापला होता. तरी आत पाऊल टाकताच येसूबाईच्या अंगावर काटा आला.

शेजारचा रेडिओ बंद झाला. भांड्यांचे आवाज थांबले. पोरांचा कालवाही...

मग ऐकू आलं.

कट्... कट्... कट्...

दातावर दात आपटत होते.

येसूबाईनं तानीकडं पाहिलं. तानीचं तोंड तर उघडं होतं.

"बाई," तानी धापा टाकत म्हणाली, "तुमच्या मागं कोण उभी हाय? लुगडं भिजलंय तिचं."

मागं नुसती भिंत होती.

"कळांनी भ्रमलीय," येसूबाई जमुनाला म्हणाली. तिनं तानीच्या पोटावर हात ठेवले. भार दिला...

दोन गार हातांनी तिची मनगटं धरली.

लहान हात होते. पकड मात्र सुटेना.

करंगळी मागं वाकली. वाकतच गेली. काडकन मोडली.

येसूबाई किंचाळली. जमुना जागच्या जागी थिजली. तिला दिसत होती ती फक्त बोटं, आपोआप उलटी वळणारी. एक मोडलं की दुसरं. घाई कसलीच नव्हती.

दहाव्या बोटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. मग कुणीतरी येसूबाईला जमिनीवर आपटलं. तिच्या पोटावर गुडघे रोवले... आणि दाबायला लागलं. तिच्या तोंडातून रक्त आलं.

"हिला दवाखान्यात न्या," ती कशीबशी म्हणाली. "माझ्याच्यानं नाय व्हायचं."

पोटावरचं वजन एकदम उतरलं.

जमुनानं रस्त्यावर टेम्पो अडवला. दोघींना पालघरला नेलं. तानीचं सिझर झालं. मूल पावणेदोन किलोचं. दोघं वाचली.

"अर्धा तास उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती," डॉक्टर म्हणाले. मग येसूबाईचे हात पाहून विचारलं, "कुठल्या कारखान्यात होतात?"

मग त्यांनी एकेक बोट नीट तपासलं.

"यंत्रात हात चिरडतो, बाई. असं एकेक बोट मोडत नाही."

आठ दिवसांनी, हातांना प्लास्टर असतानाच, येसूबाई भागीकडं गेली. सगळं सांगितलं. भागी शिव्या देईल, अंगावर येईल, असं तिला वाटलं होतं.

भागीनं एवढंच विचारलं, "तुझ्याकडं आली... मंग माझ्याकडं का नाय आली?"



दुसऱ्या दुपारपासून भागी येसूबाईच्या ओट्यावर येऊन बसायला लागली. बोलायची नाही. सोमी दिसेल म्हणून नुसती आतल्या अंधाराकडं बघत राहायची. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं.

येसूबाईनं तिला कधी उठवलं नाही. पण त्या वेळात ती स्वतः घरात थांबायची नाही...