सूयिनच्या काळजीचे वाटे

बायको, सूयिन, गेली हे रघुवीर तांडेलला कळलं ते फोन येण्याच्या चाळीस मिनिटं आधी. फक्त आपल्याला कळलं ते हेच होतं, एवढं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवार होता. दुपारचे दोन वीस झाले होते. मलेशियात, पेनांगच्या धक्क्यावर, फेरीबोटी दुरुस्त करायच्या शेडमध्ये, रघुवीर एका इंजिनाचा पंप उघडून बसला होता. एकदम त्याच्या पोटातली गाठ सुटली. पाच वर्षं, बेंबीच्या चार बोटं वर, एक गाठ होती. कधी सैल, कधी घट्ट, पण असायचीच. ती गेली. खांदे खाली आले. त्याने डब्यातला उरलेला पेरू तिखटमीठ लावून खाल्ला. शेजारच्या मेकॅनिकला देवगडच्या जत्रेतली एक गोष्ट सांगितली आणि स्वतःच हसला. शेडमधली माणसं बघत राहिली. तांडेल एवढं बोलतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तीन वाजता मेहुण्याचा, आहुआतचा, फोन आला. सूयिन बाजारात मासे निवडता निवडता खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूतली शीर फुटली होती. दवाखान्याने कागदावर वेळ लिहिली होती, दोन वीस.

हे कसं झालं ते सांगायचं तर सूयिनच्या काळजीपासून सांगायला हवं.

सूयिन पेनांगच्या होक्केन चिनी घरातली. रघुवीर जहाजावरचा मेकॅनिक, बोट दुरुस्तीला लागली म्हणून दोन महिने तिथे अडकला आणि कायमचाच राहिला. लग्नानंतर आठ दिवसांत त्याला कळलं की बायको काळजी करते. गॅस बंद केला का, आईच्या गुडघ्याचं काय, आहुआतची होडी वेळेवर परतेल ना, आभाळ असं का दिसतंय. एक काळजी मिटली की तिच्या शेपटाला धरून दुसरी यायची. डॉक्टर याला सर्वव्यापी चिंता म्हणतात. या आजारात काळजीला कारण लागत नाही, काळजी स्वतःच कारण शोधून आणते.

पहिल्या समुपदेशक बाईंकडे सूयिन चार वेळा गेली. पाचव्या वेळी गेली नाही.

"ती पोरगी मला सांगते, आई पडली तर ती तुमची जबाबदारी नाही," सूयिन म्हणाली. "मग कोणाची? तिची? आणि विचारते, काय वाटतं. मी म्हटलं, पोटात गोळा येतो. तर म्हणे, पोटाचं राहू द्या, मनाचं सांगा."

मग कोणीतरी डॉ. ऋजुता देवस्थळींचं नाव सांगितलं. बाई साताऱ्याच्या. पेनांगमध्ये बारा वर्षं चिनी रुग्णांवर काम करत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "जेवण पचतं का?" आणि दुसरा, "घरून आणखी कोण आलंय? त्यांनाही आत बोलवा."

रघुवीर, आहुआत आणि सूयिनची आई असे तिघं आत गेले. आईला गल्लीत सगळे आमा म्हणत, म्हणजे आजी. आमा तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. ती पपनस घेऊन आली होती आणि डॉक्टरांच्या टेबलावरच सोलायला बसली.

"ही विद्या मी जिथे शिकले, तिथे रुग्ण एकटा येतो," डॉक्टर रघुवीरला मराठीत म्हणाल्या. "तो 'मी' म्हणून बोलतो. इथे रुग्ण कधी एकटा येतच नाही, आणि मी वेडी बाकीच्यांना बाहेर बसवत होते. मन दुखतं म्हणायची इथे लाज वाटते, पोट दुखतं म्हणायची वाटत नाही. म्हणून मी पोटापासून सुरू करते. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, तांडेलकाका? माझी आई 'जिवाला बरं नाही' म्हणायची आणि आजी तिला ओवा द्यायची."

"पण बाई, औषधाने काळजी बंद नाही होत?"

"होते. आणि आठवड्यात परत येते. तुमच्या बायकोच्या लेखी काळजी करणं हे मुलीचं काम आहे. काम टाकून दिलं तर तिला जास्त भीती वाटते. ओझं खाली ठेव म्हटलं तर ती ठेवणार नाही. पण 'दे, मी धरतो' म्हटलं तर देईल."

डॉक्टरांच्या शोधाचं सगळं सार एवढंच होतं. त्याला त्या काळजीवाटप म्हणत. माणसाच्या मेंदूत 'अजून सगळं ठीक नाही' असा इशारा उठतो. इतरांचा शमतो, अशा रुग्णांचा शमत नाही. कानामागे कातडीखाली हरभऱ्याच्या डाळीएवढं बटण बसवलं की त्या इशाऱ्याचा जोर मोजता येतो. विचार वाचता येत नाहीत, फक्त जोर. मग रुग्णाच्या मेंदूत तो काही हिश्शाने कमी करायचा आणि तेवढाच घरच्यांच्या बटणांतून त्यांच्या मेंदूत उठवायचा. डॉक्टरांनी आधी नुसता कमी करून पाहिला होता. तो परत चढला. घरच्या खऱ्या माणसांनी वाटा उचलला तेव्हाच तो उतरून राहिला.

"म्हणजे आम्हाला तिची काळजी लागणार," आहुआत म्हणाला.

"थोडी थोडी. कशाची, ते कळणार नाही. पोटात कळेल."

आमाने पपनसाची फोड डॉक्टरांपुढे ठेवली. "मला मोठा वाटा द्या," ती म्हणाली. "मी दिवसभर रिकामीच असते."

चौघांच्या कानामागे बटणं बसली, आणि त्यानंतर पाच वर्षं सूयिन रात्री नीट झोपली. एवढंच सांगितलं तरी पुरे. तिचं वजन वाढलं, ती सिनेमाला जाऊ लागली, रघुवीरला दिवसाकाठी सहाऐवजी एकच फोन करू लागली. आणि रघुवीरला पंप उघडता उघडता पोटात गाठ जाणवायची. आज घट्ट आहे, म्हणजे तिने आभाळ बघितलं असणार. आता सुटतेय, म्हणजे आहुआतची होडी लागली. गाठ नकोशी होती, पण तिची होती. बायकोला नवऱ्याच्या घोरण्याची सवय होते तशी त्याला गाठीची झाली.

तिला स्मशानात पोहोचवून आल्यावर आहुआतने रघुवीरला दाराबाहेर अडवलं. "चेहू," तो म्हणाला. होक्केनमध्ये दाजीला चेहू म्हणतात. "आमाला काही सांगायचं नाही."

"तिची आई आहे ती."

"चौऱ्याऐंशी वर्षं, आणि काळीज कसं आहे ते तुला माहीत आहे. म्हाताऱ्या माणसाला अशी बातमी देत नाहीत. आमच्यात तरी नाही. माझा काका वारला तेव्हा आजोबांना चार वर्षं सांगत होतो, तो कामावर आहे."

"त्यांना कळलं नाही?"

"कळलं असेल. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. घर चाललं."

मग ठरलं, सूयिन देवगडला गेली आहे. रघुवीरच्या चुलतीला बरं नाही, तिच्या शुश्रूषेला. तिथे फोन नीट लागत नाही. आमाने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तिथे आंबे चालू झाले का?"

रघुवीर डॉक्टरांकडे गेला तो पंधरा दिवसांनी.

"माझी तक्रार आहे," तो म्हणाला. "मला बरं वाटतंय."



"झोप लागते. भूक लागते. बायको जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी दोन वेळा पोटभर जेवतो. जेवताना तिचंही ताट घेतो, मग आठवण येते, मग रडतो. रडून झालं की परत बरं वाटतं. हे काय आहे? मी माणूस आहे का कोण?"

"काका, दुःख तुमचं आहे, ते जागेवर आहे. काळजी तिची होती, ती गेली. या दोन गोष्टी आजवर कोणाला वेगळ्या करून बघायला मिळाल्या नव्हत्या."

"मी त्या वेळी पेरू खाल्ला, बाई. ती बाजारात पडली होती आणि मी पेरू खाल्ला."

"आमच्या पडद्यावर तिची रेषा शून्यावर आली," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "यंत्राने तिला हिरवा रंग दिला. उत्तम प्रगती. वाटेकरी गेला तर काय करायचं ते आम्ही ठरवलं होतं. जिची काळजी तीच गेली तर काय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शून्य म्हणजे बरं होणं, एवढंच आम्ही धरून चाललो. चूक माझी आहे."

रघुवीर म्हणाला, "तिला शेवटी काही वाटलं असेल का?"

"घाबरली असती तर तुम्हाला आधी कळलं असतं. गाठ घट्ट झाली असती. झाली होती?"

"नाही. एकदम सुटली."

"मग नाही घाबरली."

रघुवीरने रुमाल काढून तोंड पुसलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटण्याची लाज वाटली नाही. सूयिन न घाबरता गेली याचा जगात एकच पुरावा होता, आणि तो त्याच्या पोटात होता.

"आता वाटप बंद करून बटणं काढायला हवीत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं, आहुआतचं आणि आमांचं. आमांना कारण सांगावं लागेल. खोटं सांगून मी त्यांच्या डोक्याला हात लावणार नाही."

बाहेर बाकावर माणसं बसली होती. सूयिनची बातमी एव्हाना वाटप घेतलेल्या सगळ्या घरांत पोहोचली होती. एक गृहस्थ खिडकीपाशी वाद घालत होते. आदल्या दिवशी दुपारी त्यांना एकदम हलकं वाटलं, म्हणून ते दुकान टाकून घरी पळत गेले. बायको पंख्याखाली घोरत होती. "तिला सांगा, झोपायच्या आधी मला कळवत जा," ते म्हणत होते. पलीकडची बाई म्हणाली, "माझं तर काल दोनदा झालं. सासूबाई टीव्ही बघत हसत होत्या." कोणी हसलं नाही. जी माणसं कधी उगाच काळजी करत नव्हती, ती आता बरं वाटलं की घाबरत होती.

एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी देवळात झाला. चिनी रिवाजाप्रमाणे तो शेवटचा. आमाला सांगितलं, होडीच्या इंजिनाचं काम आहे. तिथून रघुवीर एकटाच घरी गेला. आमा ओसरीवर पपनस सोलत बसली होती. तिचे गाल भरले होते. तिने त्याला जवळ बसवलं आणि सालं काढून फोड हातात दिली. या घरात कोणी कोणाला 'जीव लावतो' म्हणत नाही, फळ सोलून देतात.

"तुझा गाव चांगला आहे रे," आमा म्हणाली.

"का, आमा?"

"सूयिन तिथे गेली त्या दिवसापासून इथे काही नाही." तिने पोटावर हात ठेवला. "पाच वर्षांत असं नव्हतं. मी आहुआतला म्हटलं, पोरीला तिथलं पाणी मानवलं. तिला घाईने बोलावू नका. राहू दे महिना, दोन महिने."

रघुवीरच्या हातातली फोड तशीच राहिली.

"चेहरा काय पाडतोस? बायकोवाचून करमत नाही?" आमा हसली. "खा. म्हातारीला एक समाधान आहे. आता मी डोळे मिटले तरी हरकत नाही. माझी पोर कशाला घाबरत नाही, ते मला इथे बसून कळतं. कुठल्या आईला कळतं सांग."

तिने चार फोडी बाजूला काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि फ्रीजमध्ये ठेवायला उठली. त्या सूयिनच्या होत्या. पपनस टिकतं, ती म्हणाली.

रघुवीरने फोड खाल्ली. गोड होती. पोटात काहीही नव्हतं, आणि काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. आहुआतशी बोलणं झालं होतं. तो आधी भांडला, मग गप्प बसला, मग म्हणाला, "तूच सांग, चेहू. माझ्याने होणार नाही." सोमवारी दहा वाजता डॉ. देवस्थळींनी तिघांना बोलावलं आहे. रघुवीरचं आणि आहुआतचं बटण निघेल. आमाचं निघायच्या आधी तिला सांगायला हवं.

आज शनिवार आहे. अजून सांगितलेलं नाही.